खाली येतानाचा चेहरा

आमचे दाजी लिफ्ट चालवतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण आता तो शब्द माझ्या एकट्याचा राहिलेला नाही. जनावरांच्या डॉक्टरीचं हे कॉलेज, आणि मी तिथं माळी. नोकरीला लागलो तेव्हा लिफ्टच्या जाळीशी उभा राहून "ओ दाजी" अशी हाक मारायचो. ती आधी कॅन्टीनवाल्यानं उचलली, मग कारकुनानं, मग पोरापोरींनी, आणि एक दिवस खुद्द प्राचार्य म्हणाले, "दाजी, जरा लवकर घ्या." "तुझ्यामुळं मला एवढे मेहुणे झाले, पण कामाचा एक नाही," असं दाजी मला चारचौघांत ऐकवतात.

लिफ्ट जुनी आहे. लोखंडी जाळीचं दार हातानं ओढायचं, आणि आत एक पितळी दांडा. दांडा इकडं केला की पेटी वर, तिकडं केला की खाली, मध्ये आणला की जागच्या जागी उभी. मजला आला की पेटी त्याच्या बरोबरीला आणून थांबवणं, हे सगळं हाताचं काम. बोटभर खालीवर झाली तरी आजारी शेळी अडखळते. दाजींच्या लिफ्टमध्ये शेळी कधी अडखळली नव्हती. हो, शेळ्या, कुत्री, वासरं, सगळी याच पेटीतनं जातात. तळमजल्यावर दवाखाना, मधल्या मजल्यांवर वर्ग, आणि अगदी वर, सहाव्यावर, कचेरी आणि मुलाखतीची खोली. पेटीला कायमचा फिनेलचा आणि लेंड्यांचा मिळून एक वास आहे. दाजींच्या सदऱ्यालाही तोच. आक्का म्हणते, "लग्नात हा वास नव्हता, नाहीतर मी मांडवातनंच पळाले असते."

दरवर्षी प्रवेशाच्या मुलाखती लागल्या की दाजींचा खरा हंगाम सुरू होतो. लेखी परीक्षेत तरलेली पोरं येतात. तिथं गुण कितीही पडलेले असोत, वरच्या खोलीतली माणसं हो म्हणाली तरच आत. एकेका जागेमागं ढीगभर पोरं. नवे बूट चावलेली, फाईल छातीशी धरलेली, ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकणारी.

दाजींची एक रीत होती. वर जाताना बोलायचं, खाली येताना बोलायचं नाही. वर जाताना ते प्रत्येकाला तेच सांगत. "टेबलावर पाण्याचा पेला ठेवलेला असतो, तो तुमच्यासाठीच असतो. प्यायचा. मध्ये बसलेले साहेब खोकतात, ते रागानं नाही. त्यांचा घसाच तसा आहे." एवढ्यानंसुद्धा पोरांच्या खांद्यांवरचं ओझं थोडं उतरायचं.

आणि खाली येताना दाजी गप्प. दांड्यावर हात, आणि नजर पोराच्या चेहऱ्यावर. त्यांचा एक ठाम ठोकताळा होता. ज्याचं बिनसलं, तो स्वतःच्या पायांकडं बघत खाली येतो. ज्याचं जमलं, तो दाजींकडं बघतो. म्हणजे त्याला एकदम दिसतं की अरेच्चा, इथं एक माणूस उभं आहे. दरवर्षी कॅन्टीनवाला आणि कारकून चहाची पैज लावायचे, आणि दाजींनी सांगितलेलं बहुतेक खरं निघायचं. रोज रात्री जेवताना त्या दिवशीचे चेहरे घरात वाढले जायचे. "आज एक पोरगी आली, पायांवरनं नजर उठेना. गेली बिचारीची जागा." समोर बसून त्यांची ठकी हे ऐकत मोठी झाली.

ठकी म्हणजे दाजींची एकुलती एक लेक. आक्का एका शाळेत झाडलोट करते, तेव्हा लहानपणी शाळा सुटली की ठकी यायची ती थेट लिफ्टमधल्या स्टुलावर. पुढं स्टूल पुरेना, मग ती दवाखान्यात जाऊन बसायला लागली. कुणाचं कोकरू धर, कुणाच्या कुत्र्याचं तोंड बांध. बारावीनंतर कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या मोकाट जनावरांच्या निवाऱ्यात हाताखाली कामाला लागली आणि लेखी परीक्षेला बसली. गुण चांगले पडले. मुलाखतीचं बोलावणं आलं, सहाव्या मजल्यावर.

त्या दिवशी सकाळी ती बापाला म्हणाली, "बाबा, लिफ्टमध्ये ओळख दाखवू नका. बाकीच्यांना वाटेल वशिला आहे."

"लिफ्टवाल्याचा वशिला सहाव्या मजल्यापर्यंतच पोचतो गं," दाजी म्हणाले. "पुढं तुझं तू."

पण त्यांनी शब्द पाळला. ठकी चार पोरांबरोबर आत शिरली, तेव्हा दाजींनी विचारलं, "कुठला मजला?" ती म्हणाली, "सहावा." मी कुंड्या घेऊन दुसऱ्यावर उतरणार होतो, म्हणून बघितलं. बापलेकीनं असं तोंड केलं होतं की मलाच खात्री वाटेना, ही माझी भाची आहे म्हणून. मग दाजींनी पेल्याचं आणि खोकल्याचं सांगितलं. चौघांकडं बघून सांगितलं, पण सांगितलं तिलाच.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. दाजी रीतीप्रमाणं गप्प. ठकीनं सरळ बापाकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, हसली, आणि त्यांच्या सदऱ्याचं गळ्याशी सुटलेलं बटण लावून दिलं. मग जाळी ओढून निघून गेली.

झालं. दाजींच्या दृष्टीनं यादी तिथंच लागली. संध्याकाळपर्यंत तळापासून वरपर्यंत सगळ्यांना खबर होती. कॅन्टीनवाल्यानं चहा पाजला. दाजी त्याला म्हणाले, "अरे, इतकं बघणारं पोर मी अजून खाली आणलं नव्हतं. बटण लावलं माझं!" दुसऱ्या दिवसापासून ठकी दिसली की कॅन्टीनवाला ओरडायचा, "ओ डॉक्टरीणबाई, आमच्या मांजराला उचकी लागलीय, काय करू?" ठकी हसून म्हणायची, "तुमचा चहा बंद करा." सगळे खिदळायचे, आणि दाजींची छाती फुगायची.

यादी लागायला वेळ होता. मधल्या दिवसांत आक्का मला म्हणाली, "अरे, पोरगी जेवत नाही. ताटात घास नुसता फिरवते."

"आनंदानं असेल."

"आनंदानं माणूस जास्त खातं. तू आनंदात असलास की मला दुसऱ्यांदा पीठ मळावं लागतं." मग आवाज खाली करून म्हणाली, "ह्यांना काही बोलू नको. हे चेहरा बघतात, मी ताट बघते. काहीतरी आहे."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी दाजींना ते ऐकू गेलं नसतं.

यादी लागली त्या दिवशी मी मोगऱ्याची माती उकरत होतो. कारकून माझ्यापाशी येऊन उभा राहिला, आणि उगाच कुंडीतली वाळकी पानं तोडायला लागला. तेव्हाच मला चाहूल लागली.

"माळीबुवा, ठकीचं नाव नाही."

"खाली, प्रतीक्षा यादीत?"

"तिथंही नाही. तुम्ही सांगा दाजींना. माझं धाडस होत नाही."

मी जाऊन सांगितलं. दाजी हसले. खरंच हसले. "टाइप करताना ओळ गळली असेल," म्हणाले, आणि मला पेटीत घेऊन थेट सहाव्यावर. कचेरीत माणसं होती, आईबाप होते, खोकणारे साहेब कागद चाळत होते. दाजी टोपी काढून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, आमच्या पोरीचं नाव राहिलंय."

साहेब हळूच म्हणाले, "दाजी, राहिलेलं नाही."

"असं कसं? मी स्वतः तिला खाली आणलंय. चेहरा बघितलाय मी तिचा."

एका बाईनं तोंड फिरवलं. साहेब खोकले, आणि या वेळचा खोकला घशाचा नव्हता, एवढं मलाही कळलं. मला तिथं उभं राहवेना. मी जिन्यानं खाली आलो.

तळाला यादीसमोर ठकी उभी होती. यादीकडं बघत नव्हती. "मामा, बाबा कुठं आहेत?"

"वर. तुझं नाव राहिलंय म्हणून भांडताहेत."

तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात पेटी खाली आली. दाजी एकटेच, टोपी अजून हातात. ठकी आत शिरली, जाळी ओढली, आणि म्हणाली, "सहावा."

दाजींनी दांडा सरकवला. पेटी वर गेली, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये कुठंतरी थांबली. बिघडली नव्हती. दांडा मध्ये आणला होता. सगळ्या इमारतीत दाजींच्या मालकीची म्हणावी अशी तेवढीच एक खोली, आणि तिला कडी लावायची झाली तर अशीच लावता येते.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. लिफ्टचा खड्डा म्हणजे विहीर. वर बोललेलं खाली स्वच्छ ऐकू येतं. खाली मी होतो, कॅन्टीनवाला होता, दवाखान्यातली नर्स होती आणि शेळी घेऊन वर निघालेला एक म्हातारा.

"चूक झालीय त्यांची," दाजींचा आवाज आला. "उद्या मी परत जातो."

"बाबा, चूक झालेली नाही. मी खाली आले तेव्हाच मला माहीत होतं. माझं बिनसलं होतं."

"मग माझ्याकडं बघितलंस कशी?"

"तुम्ही रोज जेवताना सांगता, कोण पायांकडं बघतं ते. मी पायांकडं बघितलं असतं तर सहा मजले खाली येईपर्यंत तुमचं काय झालं असतं?"

खाली शेळीनं तोंड उघडलं, तसं म्हाताऱ्यानं ते हातानं घट्ट दाबून धरलं. नर्सनं घंटीवरचं बोट काढून घेतलं.

"काय विचारलं त्यांनी?"

"मधल्यांनी विचारलं, जनावर वाचणार नाही हे तुम्हाला कळलंय आणि मालक समोर उभा आहे. काय सांगाल? बाबा, मला आमच्या निवाऱ्यात मरणाला टेकलेला कुत्रा घेऊन आलेला तो माणूस दिसायला लागला. माझ्या तोंडातनं शब्दच फुटेना. मग तुम्ही सांगितलं होतं म्हणून पाण्याचा पेला उचलला."

"मग?"

"सांडला. साहेबांच्या कागदांवर."

वरनं एक आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा, ते आम्हाला कुणालाच ठरवता येईना. मग दाजी म्हणाले, "मीच सांगितलं होतं, प्यायचा म्हणून."

"हो."

"आणि एवढे दिवस गप्प राहिलीस?"

"रोज सांगणार होते. रोज कुणीतरी डॉक्टरीणबाई म्हणायचं."

कॅन्टीनवाल्यानं खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं.

"ते मीच म्हणायला लावलं," दाजी म्हणाले.

"हो, तुम्हीच लावलंत," ठकी म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. बराच वेळ नुसतं तेच ऐकू येत होतं. शेवटी दाजी म्हणाले, "हे बघ ठकी. यापुढं जे काही असेल ते तोंडानं सांगायचं. चेहऱ्यानं नाही."

"तुम्हीपण."

"मी काय लपवलं?"

"गुडघा. आई म्हणते, जिना चढताना दुखतो, म्हणून तुम्ही कुठं येत-जात नाही."

"ती आणि तिचे डोळे," दाजी म्हणाले, आणि पेटी हलली. आम्ही सगळे झटकन इकडंतिकडं बघायला लागलो, जणू त्या भिंती पहिल्यांदाच बघत होतो. पेटी तळाला आली ती बोटभर वर थांबली. शेळी अडखळली. म्हाताऱ्यानं तिला नुसती उचलून आत घेतली.

पुढं ठकी रडायची, अधूनमधून. भांडी घासताना, कुत्र्यांना अंघोळ घालताना. आक्कानं अडवलं नाही. "रडतेय, पण जेवतेय," म्हणाली. एक दिवस ठकी आपण होऊन सहाव्यावर गेली आणि खोकणाऱ्या साहेबांना विचारून आली, काय कमी पडलं. साहेब म्हणाले, "पाणी सांडलं म्हणून जागा नाही गेली. कागद काय, वाळले. त्या प्रश्नाला तुम्ही काहीच बोलला नाहीत." तेव्हापासनं निवाऱ्यातल्या डॉक्टरबाई वाईट बातमी सांगायला बसल्या की ठकी शेजारी बसायची. पुढं पुढं एखादेवेळी बाई म्हणायच्या, "आज तू सांग." पहिल्यांदा सांगून आली त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. आक्कानं अंगावर पांघरूण घातलं आणि ताट झाकून ठेवलं.

दाजींनी चेहरे वाचणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या मुलाखती लागल्या त्या सकाळी त्यांनी लिफ्टमधलं स्टूल उचललं आणि दांड्याशी, बसलं की तोंड भिंतीकडं येईल असं ठेवलं. वर जाताना उभे राहून बोलायचे, पेल्याचं, खोकल्याचं, फक्त आता पुढं जोडायचे, "सांडलं तर सांडू दे." खाली येताना स्टुलावर पाठ फिरवून बसायचे. ज्याला जसा चेहरा करायचा असेल, त्यानं तसा करावा. कॅन्टीनवाला म्हणाला, "दाजी, यंदा चहाची पैज?" दाजी म्हणाले, "चहा पाज. पैज नको."

ठकीची दुसऱ्यांदा मुलाखत झाली तेव्हा मी पेटीत होतो. कुंड्या वरनं खाली आणत होतो, अगदी खरं सांगायचं तर त्या दिवशी आणायची काही गरज नव्हती. बरोबर दुसरी एक उमेदवार होती, अनोळखी, नखं खाणारी. दाजी भिंतीकडं तोंड करून बसलेले. मानेवरची शीर ताठ.

"बाबा, वळू नका. सांगते," ठकी म्हणाली. "मेंढीच्या दातांचा एक प्रश्न चुकला. बाकीचे आले. पाणी प्यायले, सांडलं नाही. होईल की नाही, माहीत नाही."

"बरं."

"भीती वाटते."

"मलाही," दाजी भिंतीला म्हणाले.

कोपऱ्यातली अनोळखी पोरगी म्हणाली, "काका, मलाही."

तळाला पेटी अशी लागली की उंबरा कुठं संपला, कळलं नाही.

यादी लागली, ठकीचं नाव प्रतीक्षा यादीत. ना इकडं, ना तिकडं. असलं थांबणं नुसतं नाही म्हणण्यापेक्षा वाईट, हे मी त्या दिवसांत घरात बघितलं. पण आता ते सगळ्यांचं मिळून होतं. जेवताना दाजी विचारायचे, "काही कळलं?" ठकी म्हणायची, "नाही. आज जास्त राग येतोय." आक्का म्हणायची, "मग आज कांदा तू चीर." असं चाललं होतं. कॅन्टीनवाल्यानं डॉक्टरीणबाई म्हणणं बंद केलं होतं. नुसतं "ठकी" म्हणायचा आणि तिच्या चहात साखर जास्त घालायचा.

एका दुपारी कारकून वरनं लिफ्टनं खाली निघाला. दाजी पाठमोरे. तो म्हणाला, "दाजी, इकडं वळू नका, माझ्या तोंडावर जाऊ नका, कानानं ऐका. एका मुलानं जागा सोडली. उद्या पोरीला सहाव्यावर पाठवून द्या."

हे मला पेटीतनं बाहेर पडल्या पडल्या कारकुनानं सांगितलं. मी बघितलं ते असं, की पेटी तळाला आली, दाजी बाहेर आले, आणि जाळी उघडी टाकून चालायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी पेटी अशी कधी सोडली नव्हती. मागनं नर्स ओरडली, "अहो दाजी, वासरू न्यायचंय!" त्यांना ऐकूच गेलं नाही. गुडघा ओढत मागच्या गल्लीत शिरले. कुणीतरी बरोबर जायला हवं, म्हणून मीही गेलो.

निवाऱ्याच्या अंगणात ठकी एका बकरीचा पाय धरून खूर साफ करत होती. बापाला बघून तिनं मान वर केली. बापाचा चेहरा तिला दिसला.

"कळलं," ती हळूच म्हणाली.

"नाही," दाजी म्हणाले. "तोंडानं सांगायचं ठरलंय."

आणि त्यांना बोलताच येईना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. हात उगाच हवेत दांडा शोधत होता. मी सांगून टाकणार होतो, पण ठकीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती थांबली. बकरीनंही पाय ओढला नाही.

"सहावा," एवढंच शेवटी दाजींच्या तोंडातनं आलं.

ठकीनं मान हलवली. आपल्या बाहीनं नाक पुसलं, आणि थोडी सरकून बापाला शेजारी जागा केली.

"बसा. गुडघा सांभाळून," ती म्हणाली. "आणि हा पाय धरा जरा. एक खूर राहिलाय."